विश्लेषण : पुरातल्या बोटीची बॅटरी तिसऱ्या रात्री कशी चार्ज होणार?

पावसाळा तोंडावर आला की शिरोळ तालुक्यात बोटींची मोजदाद सुरू होते. रबरी किती, फायबरच्या किती, लाइफ जॅकेट किती, दोर किती, पट्टीचे पोहणारे किती. मोटर चालते का, हेही दोरी ओढून पाहिले जाते. या यादीत बोटीवरच्या बॅटरीचा रकाना मात्र सहसा दिसत नाही. सर्चलाइट, बिनतारी संच आणि मोबाइल या बारा व्होल्टच्या डब्यावर चालतात. तो पहिल्या रात्री काम देतो, दुसऱ्या रात्री कुरकुरतो आणि तिसऱ्या रात्री नुसते ओझे होऊन बसतो. तोवर गावातली वीज गेलेली असते. बॅटरी भरण्याची सोय मात्र बोटीच्या पाठीला टांगलेली असते. जी मोटर बोट ढकलते, तीच बॅटरीही भरू शकते. त्यासाठी थोडी वायर, एक रेक्टिफायर, एक फ्यूज आणि हे काम समजून करणारा माणूस लागतो. पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथ्याची सोय उन्हाळ्यातच करावी लागते, आणि ती होत नाही, हेच खरे दुखणे आहे.

कुरुंदवाडचा पूर वेगळा का?

पंचगंगा कोल्हापूरकडून वाहत येते आणि कुरुंदवाड-नृसिंहवाडीपाशी कृष्णेला मिळते. वाडीला दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की भाविक स्नानाला धावतात, तर अलीकडच्या काठावर जनावरे कुठे हलवायची याचा विचार सुरू होतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे आकडे कुरुंदवाडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ते पाणी इथे पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे तयारीला थोडी उसंत मिळते. पण एकदा चढलेले पाणी इथून लवकर उतरत नाही. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. भाग सखल, सपाट आणि उसाने भरलेला.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत हे दिसले. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरुंदवाडला पाण्याने चारही बाजूंनी वेढले आणि शहराचे बेट झाले. शिरोळ तालुक्यात एनडीआरएफ आणि नौदलाची पथके उतरली. उपकेंद्रे आणि डीपी पाण्यात गेल्यावर, आणि जिथे ती बुडाली नव्हती तिथेही जीविताच्या काळजीने, वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. पूर दोन-चार तासांत ओसरणारा असता तर काठावरून भरून आणलेली बॅटरी पुरली असती. इथे मुक्काम आठ-आठ दिवसांचा असतो. म्हणून बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा ती रोज भरते की नाही, हे इथे जास्त महत्त्वाचे ठरते.

बोटीवर वीज लागते कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. या भागात मोटर नव्हती तेव्हाही माणसे नदी ओलांडत होतीच. गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडून तिच्यात बसून पैलतीर गाठणारे लोक कोल्हापूर जिल्ह्याने पाहिलेले आहेत. तिथे कसली वीज आणि कसली बॅटरी.

पण पुरात शिरणारी बोट नदीतून कमी आणि गल्लीतून जास्त जाते. खाली कुंपणाच्या तारा, पडक्या भिंती, बुडालेल्या ट्रॉल्या. वर, एरवी डोक्याच्या बऱ्याच वर असणाऱ्या विजेच्या तारा आता हाताला लागतील इतक्या खाली. उसाचे शेंडे आणि वाहून आलेले वेल मोटरीच्या पंख्यात गुंतले की बोट जागीच थांबते आणि प्रवाह तिला हवी तिकडे नेतो. दिवसा हे दिसते. रात्री बाळंतीण किंवा छातीत दुखणारा माणूस बाहेर काढायचा असेल तर चांगला उजेड लागतो. छपरावर बसलेल्या कुटुंबाचा फोन घ्यायला चालू मोबाइल लागतो. मोबाइलचे टॉवर बंद पडले तर बिनतारी संच लागतो. फायबरच्या बोटीत साचणारे पाणी उपसायला छोटा पंप असेल तर तोही याच बॅटरीवर.

इथे एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. तिथे कितीही चांगली बॅटरी असती तरी काही फरक पडला नसता. बोटीत किती माणसे बसवायची आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट आहे का, हे सगळ्यात आधी. वायरिंगचा विषय त्यानंतरचा. मात्र नंतरचा आहे म्हणून तो कधीच घ्यायचा नाही, असे होता कामा नये.

मोटरीतून वीज येते कुठून?

ज्यांनी लुना चालवली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. ॲक्सिलरेटर पिळला की दिवा लख्ख, सोडला की मिणमिणता. त्या दिव्याला बॅटरी नव्हतीच, वीज थेट इंजिनातल्या कॉइलमधून यायची. बोटीच्या मोटरीतही तेच तत्त्व आहे. वरचे झाकण काढले की दिसणाऱ्या फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबके बसवलेली असतात. ती तांब्याच्या कॉइलभोवती फिरतात आणि कॉइलमध्ये वीज तयार होते.

या कॉइल एकाच कामाच्या नसतात. एक स्पार्क प्लगसाठी, म्हणजे इग्निशनची. दुसरी दिवे आणि चार्जिंगसाठी, जिला लायटिंग कॉइल किंवा चार्जिंग कॉइल म्हणतात. दोरीने सुरू होणाऱ्या अनेक छोट्या मोटरींत पहिली असतेच, दुसरी असतेच असे नाही. काही मॉडेलमध्ये ती कारखान्यातून येते, काहींत जागा सोडलेली असते आणि कॉइल वेगळी विकत घ्यावी लागते, काहींत तीही सोय नसते. सेल्फ स्टार्टच्या मोठ्या मोटरींत चार्जिंगची सगळी व्यवस्था आधीपासून असते, कारण त्यांच्या स्टार्टरलाच बॅटरी लागते.

त्यामुळे पहिले काम वायर कापण्याचे नाही. मोटरीचे पुस्तक उघडून वायरिंगचा नकाशा पाहायचा. पुस्तक हरवले असेल, आणि बहुतेक ठिकाणी ते हरवलेलेच असते, तर मॉडेल क्रमांक सांगून विक्रेत्याकडून मागवायचे. लायटिंग कॉइल नसलेल्या मोटरीच्या इग्निशन कॉइलवरून बॅटरीसाठी वायर ओढण्याचा मोह कुणालाही होऊ नये. त्या कॉइलमध्ये शेकडो व्होल्ट तयार होतात. हात लागला तर झटका बसतो, आणि तिच्यावर भार टाकला तर स्पार्क कमजोर होऊन इंजिन बंद पडते. भर प्रवाहात इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे काठावरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

मग थेट बॅटरीला का जोडायचे नाही?

कॉइलमधून निघणारी वीज एसी असते, म्हणजे सतत दिशा बदलणारी. बॅटरीला डीसी लागते. मधे रेक्टिफायर घालावा लागतो, जो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. शेतातल्या विहिरीच्या मोटरीला फूटव्हॉल्व्ह जे काम करतो तेच : पाणी वर येऊ देतो, मागे जाऊ देत नाही.

साध्या ब्रिज रेक्टिफायरला चार पाय असतात. दोन कॉइलच्या वायरींसाठी, एक बॅटरीच्या प्लसला, एक मायनसला. एवढ्याने चार्जिंग सुरू होते, पण त्याला आवर नसतो. बॅटरी भरल्यावरही मोटर जोरात पळत राहिली तर व्होल्टेज चढत जाते, बॅटरीतले पाणी उकळल्यासारखे उडते आणि सीलबंद बॅटरी फुगते. म्हणून रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकत्र असलेले युनिट घ्यावे. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये त्याला आरआर युनिट म्हणतात. ते व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही.

इथे हमखास एक चूक होते. गॅरेजमध्ये पडलेले जुन्या बाइकचे आरआर युनिट काढून बोटीला लावायचे. अनेक बाइकमध्ये कॉइलचे एक टोक इंजिनाच्या बॉडीला जोडलेले असते, आणि त्यांचे युनिट त्याच हिशेबाने बनवलेले असते. अनेक आउटबोर्ड मोटरींमध्ये लायटिंग कॉइलची दोन्ही टोके मोकळी असतात, बॉडीशी त्यांचा संबंध नसतो. एकाचे युनिट दुसऱ्याला लावले तर चार्जिंग अर्धवट होते किंवा युनिट जळते. मीटर लावून पाहायला पाच मिनिटे लागतात. इंजिन बंद ठेवून, कॉइलच्या वायरी सोडवून, त्यातली प्रत्येक वायर आणि इंजिनाची बॉडी यांत बीप वाजते का, एवढेच पाहायचे असते.

ट्रॅक्टरचे वायरिंग येणाऱ्याला हे जमेल का?

जमेल, पण एक सवय मोडावी लागेल. कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर या पट्ट्यात ऑटो इलेक्ट्रिशियनची वानवा नाही. इचलकरंजीत यंत्रमागामुळे मोटर रिवाइंडिंग करणारे कुशल हात आहेत. ट्रॅक्टर आणि जीपमध्ये मायनससाठी वेगळी वायर ओढत नाहीत. लोखंडी बॉडीच मायनसचे काम करते. रबरी किंवा फायबरच्या बोटीला अशी बॉडीच नाही. तिथे प्लसइतकीच जाड मायनसची वायर प्रत्येक उपकरणापर्यंत न्यावी लागते. हे लक्षात न घेता केलेले काम काठावर कसेबसे चालते आणि पाण्यात दगा देते.

वायरच्या जाडीचा हिशेबही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. मोटरीपासून बॅटरी तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे झाले. पाच अँपिअर करंटला अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण ०.२ व्होल्ट वाया जातात. घरातल्या टेबल फॅनला असते तसली पाऊण चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर सुमारे ०.७ व्होल्ट. हा आकडा किरकोळ वाटतो. पण रेग्युलेटरमधून निघालेले १४.२ व्होल्ट बॅटरीपर्यंत १३.५ होऊन पोहोचले तर ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. मग दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो आणि नवी बॅटरी आणली जाते. तीही भरत नाही.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. पाच-सहा अँपिअरच्या कॉइलला दहा अँपिअरचा फ्यूज पुरतो. दिवा, संच आणि पंप यांचे फ्यूज वेगळे. फ्यूज कॉइलच्या रक्षणासाठी आहे असा अनेकांचा समज असतो. खरा धोका उलट बाजूने येतो. वायर कुठे घासून उघडी पडली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. त्याच कारणाने बॅटरी आणि टाकी यांच्यात जमेल तेवढे अंतर ठेवायचे. चार्ज होताना साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला हवा लागू द्यायची. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात ठेवून पट्ट्याने बोटीला बांधायची. रबरी बोटीचा तळ लाटेबरोबर हलतो, मोकळी बॅटरी त्यावर शेळीसारखी उड्या मारते.

स्विचची जागाही महत्त्वाची. रेक्टिफायरपासून बॅटरीपर्यंतची वायर फ्यूजमधून थेट जाऊ द्यावी, तिच्यात बंद-चालूचा खटका नको. इंजिन चालू असताना बॅटरी तुटली की कॉइलचे व्होल्टेज एकदम चढते आणि डायोड उडतात. खटका हवा तो बॅटरी आणि दिवे-पंप यांच्या मधे. प्लस-मायनस उलटे लागले तरी डायोड क्षणात जातात, म्हणून लाल आणि काळ्या वायरीचा नियम पाळायचा. लाल संपली म्हणून पिवळी लावली, हे बोटीवर चालत नाही. पुढच्या वर्षी वेगळाच माणूस ती खोलणार असतो.

सांधे पिळून चिकटपट्टी गुंडाळायची पद्धत घरातही चांगली नाही. पुराचे पाणी समुद्रासारखे खारट नसते, पण त्यात गाळ, डिझेल आणि गटारातले सगळे असते. तांब्याला लग दाबून बसवायचा, त्यावर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवायची, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचे. आणि एका वायरीला अजिबात हात लावायचा नाही : किल स्विचची. चालक पाण्यात पडला की त्याच्या मनगटाची दोरी निसटते आणि मोटर बंद होते, ती व्यवस्था त्या वायरीवर आहे.

कॉइल किती भरते, खर्च किती होतो?

छोट्या मोटरींच्या लायटिंग कॉइलची क्षमता साधारण ६० ते ८० वॅट असते. बारा व्होल्टला साठ वॅट म्हणजे पाच अँपिअर. पण हा आकडा मोटर जोरात फिरत असतानाचा आहे. गल्लीतून, झाडांतून, माणसे चढवत-उतरवत जाणारी बचाव बोट जोरात पळत नाही. सावकाश वेगात निम्मे मिळाले तरी पुष्कळ, आणि मोटर नुसती घुरघुरत असताना जवळपास काहीच नाही.

आता खर्च. तीस वॅटचा एलईडी सर्चलाइट अडीच अँपिअर घेतो. रात्रीत एकूण सहा तास चालवला तर १५ अँपिअर-तास. दोन-तीन मोबाइल आणि बिनतारी संच मिळून आणखी पाच धरू. झाले वीस. चाळीस अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरायला वीसच. पूर्ण भरलेली बॅटरी नेमकी एका रात्रीची सोबत करते.

दिवसभरात मोटर आठ तास चालली आणि सरासरी अडीच अँपिअर मिळाले तर २० अँपिअर-तास जमा होतात. भरताना थोडे वाया जातेच, त्यामुळे हिशेब जेमतेम बसतो. पंप चालवला तर तोही बसत नाही. पण सर्चलाइट गरजेपुरताच लावला, मोबाइल दिवसा मोटर चालू असतानाच चार्ज केले, तर बॅटरी तिसऱ्याच काय, सातव्या रात्रीही चालते. जुना पंचावन्न वॅटचा हॅलोजन असेल तर मात्र हे गणित पहिल्याच रात्री कोसळते. तेव्हा वायरिंगच्या आधी दिवा बदलावा. सगळ्यात स्वस्त चार्जिंग म्हणजे न खर्चलेली वीज.

हल्ली लिथियम बॅटरीचा आग्रह धरला जातो. ती हलकी असते, हे खरेच. पण रिकामी लिथियम बॅटरी कॉइलमधून मिळेल तेवढा करंट तासन् तास ओढत राहते. लेड-ॲसिड भरत आली की स्वतःहून मंदावते, तशी ही लवकर मंदावत नाही. छोटी कॉइल त्या भाराने तापते. शिवाय रेग्युलेटर त्या बॅटरीला मानवणारा आहे का, ते वेगळे पाहावे लागते. सरकारी गोदामात पडून राहणाऱ्या बोटीसाठी साधी सीलबंद लेड-ॲसिडच बरी. ती बिघडली तर कुरुंदवाडच्या बाजारात दुसरी मिळते.

ट्रॅक्टर, सोलर, जनरेटर असताना हा उपद्व्याप कशाला?

सोलर पॅनेलचा सल्ला देणाऱ्यांनी शिरोळचा ऑगस्ट बघावा. दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा पॅनेल नावापुरते चालते, आणि रबरी बोटीवर ते ठेवायला जागाही नसते. जनरेटर चांगला, पण तो काठावर असतो. ट्रॅक्टरचा मुद्दा सगळ्यात दमदार आहे. या भागात दारोदार ट्रॅक्टर आहेत आणि त्यांच्यावर बॅटरी भरून घेता येते. पण पूर आला की ट्रॅक्टर आधी उंचावर जातात, आणि बोट तिथपर्यंत जाऊन बॅटरी भरेपर्यंत थांबली तर ती बचावाला नाही. दोन बॅटऱ्या असतील आणि एक काठावर भरत असेल तर हा मार्ग उत्तम. तो जोडीला ठेवावा. मोटरीवरच्या चार्जिंगला तो पर्याय होत नाही, कारण बोट दिवसभर फिरतच असते आणि त्या फिरण्यातून मिळणारी वीज एरवी वायाच जाते.

दोरीने सुरू होणाऱ्या मोटरीचा एक गुण मात्र या सगळ्यात गमवायचा नाही. तिला चालायला बॅटरी लागत नाही. बॅटरी मेली, वायर तुटली, रेक्टिफायर जळला तरी दोरी ओढली की इंजिन सुरू झालेच पाहिजे. चार्जिंगची जोडणी इग्निशनपासून पूर्ण अलग ठेवली तर हे राहते. काम तपासणाऱ्याने सगळ्यात आधी बॅटरीच्या वायरी काढून मोटर सुरू करून घ्यावी. अशी ती थोडाच वेळ चालवायची, आणि तेव्हा रेक्टिफायरची जोडणीही कॉइलपासून सोडवून ठेवायची.

मग घोडे अडते कुठे?

पैशावर नाही. लायटिंग कॉइल असलेल्या मोटरीला रेक्टिफायर, वायर, फ्यूज आणि खोके यांचा खर्च एका साध्या स्मार्टफोनपेक्षा कमी येतो. कॉइल नव्याने बसवायची असेल तर खर्च वाढतो, आणि फ्लायव्हील उतरवायचे काम मोटरीच्या जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे लागते. तरीही बोटीच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे.

अडते ते खरेदीच्या कागदावर. निविदेत अश्वशक्ती लिहिली जाते, बोटीची लांबी आणि माणसांची क्षमता लिहिली जाते. ‘चार्जिंग कॉइल आणि रेक्टिफायर-रेग्युलेटरसह’ हे शब्द तिथे असतील तर पुरवठादार तसे मॉडेल देतो. नसतील तर स्वस्त मॉडेल येते, आणि ते येणे नियमाला धरूनच असते. नंतर कुणीतरी वरून जोडणी करायची म्हटले तर हमी जाईल ही भीती. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने हे एक वाक्य पुढच्या प्रत्येक खरेदीत घातले तर निम्मे काम तिथेच होते.

दुसरी अडचण गोदामाची. बोट सप्टेंबरात आत जाते आणि जूनमध्ये बाहेर येते. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी दर महिन्याला थोडी उतरते. आठ-नऊ महिने तशीच राहिली की आतल्या प्लेटवर थर धरतो आणि मग ती कितीही भरली तरी धरत नाही. याला उपाय अगदी साधा आहे. बोटीची बॅटरी नगरपालिकेच्या घंटागाडीच्या देखभालीच्या यादीत टाकायची. गाड्यांचे पाणी-हवा बघणारा माणूस महिन्यातून एकदा हिलाही चार्जर लावेल आणि व्होल्टेज वहीत लिहील. स्वस्थ पडलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसतात, १२.२ ला ती निम्मी झालेली असते, ११.८ ला संपलेली. हे तीन आकडे खोक्याच्या झाकणावर रंगवून ठेवले तर कुठल्याही तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी अडचण माणसाची, आणि तीच मोठी. ऑगस्ट २०१८ च्या केरळमधल्या पुरात मच्छीमार आपापल्या बोटी ट्रकवर घालून आले आणि त्यांनी हजारो लोकांना बाहेर काढले. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्या बोटींमागे आणखी एक गोष्ट होती. मोटर रोज वापरणारा, तिचा आवाज बदलला तरी ओळखणारा माणूस बोटीतच होता. शिरोळच्या पट्ट्यातली बचाव बोट वर्षातून चार दिवस पाण्यात उतरते. तिचा चालक एक, मेकॅनिक दुसरा, किल्ली तिसऱ्याकडे आणि नोंदवही चौथ्याकडे. इथल्या तरुणांना पाणी कळते, होडी कळते. मोटर आणि तिचे वायरिंग कळणारे दोन-दोन जण प्रत्येक बोटीमागे तयार करणे अवघड नाही. आयटीआयमधील वीजतंत्री आणि मोटार मेकॅनिकच्या मुलांना मे महिन्यात एक बोट खोलायला दिली तर प्रात्यक्षिकाचे गुणही मिळतील आणि गावाला माणसेही.

रंगीत तालीम दिवसाच का?

दरवर्षी पुराची रंगीत तालीम होते. ती दिवसा होते, संथ पाण्यात, छायाचित्रकारांच्या सोयीच्या वेळी. मोटर धडधडते, बोट एक गोल फेरी मारते, टाळ्या होतात. बॅटरीची परीक्षा त्यात होतच नाही. बॅटरी, दिवा आणि चार्जिंग यांची खरी चाचणी रात्रीच घ्यावी लागेल. अंधार पडल्यावर बोट काठाला बांधून सर्चलाइट लावायचा, संच चालू ठेवायचा, मोबाइल जोडायचे. सहा तासांनी व्होल्टेज लिहायचे. सकाळी नेहमीच्या सावकाश वेगाने बोट आठ तास नाही तरी चार तास फिरवायची, मोटर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर धरायचा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग होते आहे. १२.४ वरच काटा अडला तर वायर, फ्यूज किंवा रेक्टिफायर यांपैकी काहीतरी गेलेले आहे. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर काम करत नाही, आणि ही बॅटरी पुरात फुगणार. त्याच संध्याकाळी पुन्हा दिवा लावायचा आणि दुसऱ्या रात्रीचा आकडा पहिल्या रात्रीच्या आकड्याशेजारी लिहायचा. मृगाला अवकाश असतानाच हे उरकले, तर बिघडलेले युनिट बदलायला निदान इचलकरंजीपर्यंत रस्ता तरी उघडा असतो.